जोडलेले हात



सुरत हे हातांचे शहर आहे. हिरे घासणारे, लूम चालवणारे, जरीकाम करणारे, साड्यांच्या घड्या घालणारे हात इथे लाखो आहेत. आपल्या शाळेतील अनेक घरे त्यांच्यावरच चालतात. म्हणून या अंकात आम्ही हातांविषयीच लिहीत आहोत.

ऑक्टोबर २०२१ मध्ये आपल्या शहरातील एका शाळकरी मुलाला डॉक्टरांनी मेंदूमृत घोषित केले. त्याच्या आईवडिलांनी इतर अवयवांबरोबर त्याचे दोन्ही हातही दान केले. मुंबईत ते पुण्याच्या एका तरुणाला बसवण्यात आले. त्याचे हात विजेच्या धक्क्याने गेले होते. आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. हिंदीत मदत करण्याला 'हाथ बँटाना' म्हणतात. त्या आईवडिलांनी हा वाक्प्रचार शब्दशः खरा केला.

मूत्रपिंड बसवल्यावर बहुतेक वेळा काही दिवसांत काम करू लागते. हाताचे तसे नाही. आधी हाडे पट्ट्या व स्क्रूने जोडतात. मग रक्तवाहिन्या, स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या आणि मज्जातंतू जोडतात. यातले बारीक काम सूक्ष्मदर्शकाखाली चालते. रक्त वाहू लागले की हात गरम होतो, पण त्याला स्पर्श कळत नाही. रुग्णाचे मज्जातंतू नव्या हातात दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वाढतात. मुलांनो, पट्टी घ्या आणि मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजा. १८ सेंटीमीटर भरले, तर १८० दिवस झाले. म्हणजे सहा महिने रोज व्यायाम करायचा, तेव्हा कुठे बोटाच्या टोकाला स्पर्श कळू लागणार!

जगातील पहिले यशस्वी म्हटले गेलेले हस्तरोपण सप्टेंबर १९९८ मध्ये फ्रान्समधील लिऑन शहरात झाले. पुढे त्या रुग्णाने औषधे सोडली आणि २००१ मध्ये तो हात काढून टाकावा लागला. परका अवयव शरीराने नाकारू नये यासाठी ही औषधे जन्मभर घ्यावी लागतात. लिऑनमध्येच २००० साली दुसऱ्या एका रुग्णाला दोन्ही हात बसवले. त्याच्या मेंदूच्या तपासणीत दिसले की, हात गेल्यावर बदललेला मेंदूचा भाग नव्या हातांसाठी पुन्हा पूर्वीसारखा काम करू लागला होता. भारतात पहिले हस्तरोपण जानेवारी २०१५ मध्ये कोचीच्या अमृता रुग्णालयात झाले. डॉक्टरांचे कौशल्य एका रात्रीचे असते, रुग्णाची चिकाटी मात्र वर्षांची असावी लागते.

मुलांपुढे मृत्यूचा विषय नको, असे काही पालकांनी आम्हांला सांगितले. त्यांची काळजी खरी आहे. पण १९९४ च्या कायद्यानुसार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून मेंदूमृत्यू ठरवते. त्यानंतर कुटुंबाला विचार करायला फार थोडा वेळ मिळतो. ज्या घरात हा विषय कधी निघालाच नाही, त्या घराने दुःखाच्या त्या घडीला काय ठरवावे? 'नाही' म्हणण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. मात्र ते विचार करून म्हटलेले असावे, एवढेच आमचे म्हणणे.

आता रोजच्या कामाचे. मशीनवर बोट तुटले तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. तुटलेले बोट स्वच्छ, ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि पिशवीचे तोंड बांधा. ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका. १०८ ला फोन करा. वेळेत पोहोचले तर कित्येकदा बोट परत जोडता येते.

विद्यार्थ्यांनी हा परिच्छेद सुंदर अक्षरात लिहून वडिलांच्या कारखान्यात लावण्यासाठी द्यावा. विश्वस्त मंडळाला विनंती की, वर्षातून एकदा एखाद्या डॉक्टरांना शाळेत बोलवावे आणि त्या दिवशी पालकांनाही आमंत्रण असावे.

आपले,
मुख्याध्यापक