डबी ओरडते कुणासाठी?

बालमित्रांनो, स्टेशनात न थांबणारी गाडी शिट्टी वाजवत धडाडत गेली, की एक गंमत तुमच्या कानांनी टिपली असेल. गाडी जवळ येत असते तोवर शिट्टीचा सूर चढा, आणि पुढे निघून गेली की एकदम उतरलेला! या गमतीमागचं शास्त्र ऑस्ट्रियाच्या ख्रिस्तियान डॉप्लर यांनी १८४२ साली मांडलं. मोटारींचा वेग मोजणारी पोलिसांची रडार-बंदूक याच तत्त्वावर चालते. नाव बंदूक, पण सुटतात त्या रेडिओलहरी. त्या मोटारीवर आपटून परत येतात, त्या जराशा बदलूनच. सेकंदाला २,४१५ कोटी कंपनं असलेली लहर, ताशी १०० किलोमीटर वेगाने समोर येणाऱ्या मोटारीवरून परतली, की तिची कंपनं सेकंदाला साडेचार हजारांच्या आसपास वाढतात. एवढ्याशा फरकावरून वेग कळतो!

आता चोरावर मोर पाहा. या लहरींची चाहूल देणारी एक डबी मिळते. तिला म्हणतात रडार डिटेक्टर. अमेरिकेत खाजगी मोटारीत ती बहुतेक राज्यांत चालते. व्हर्जिनियात आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये मात्र बंदी आहे. मी ती पाहिली न्यू जर्सीत, माझ्या भाच्याच्या गाडीत. पुढच्या काचेला चिकटवलेली, आणि सारखी आपली पीप-पीप!

ही डबी वेग मोजत नाही बरं का. ती नुसती कान देऊन बसते. पोलिसांच्या लहरीला मोटारीपर्यंत जाऊन परत यावं लागतं; डबीला एकेरी प्रवासातलीच लहर पुरते. म्हणून ती लांबूनच ओरडते. पण लहर कुणाची, हे तिला कुठलं कळायला? दुकानांची आपोआप उघडणारी दारं तशाच लहरी सोडतात. शेजारून येणारं वाहन टिपायला काही मोटारींत छोटं रडार असतं, तेही तसंच. झालं! दुकान आलं, पीप. शेजारून मोटार गेली, पीप. लांडगा आला रे आला!

मग भाच्याने डबीचा कान थोडा बहिरा करण्याचं बटण दाखवलं. त्याने खोट्या हाका कमी होतात. पण खरी हाकही उशिरा ऐकू येते. शिवाय काही पोलीस लेझरची बंदूक वापरतात. तिचा झोत इतका अरुंद, की डबी ओरडेपर्यंत वेग मोजून झालेलाही असतो!

एकदा शाळेवरून जाताना डबी ओरडली. भाच्याने बटण दाबून तिला गप्प केलं. "काही नाही मामा, त्या दुकानाचं दार असेल. रोजचंच आहे."

मागच्या सीटवरून त्याची लेक म्हणाली, "आजोबा, रस्त्यात मुलं आली तर ही ओरडते का?"

गाडीत सगळेच गप्प. भाच्याने काट्याकडे पाहिलं आणि वेग कमी केला.

खरंच, ती डबी ओरडते दंड वाचवायला. चेंडूमागे धावलेल्या मुलाच्या अंगातून कसल्या लहरी निघणार? त्या राज्यात मुलं शाळेत जाता-येताना शाळेजवळची वेगमर्यादा ताशी २५ मैल, म्हणजे सुमारे ४० किलोमीटर आहे. ती उगीच नाही. वेग दुप्पट झाला, की ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला चौपट अंतर लागतं. ४० च्या वेगाला जी गाडी मुलाच्या अलीकडे थांबेल, ती ८० ला थांबणार नाही.

तेव्हा दोस्तांनो, आईबाबांबरोबर गाडीतून जाल तेव्हा वेगाच्या काट्यावर जरा लक्ष ठेवा. तो फार चढला, तर "बाबा, हळू!" असं खुशाल ओरडा. तुमची हाक कुठल्याही डबीपेक्षा खरी असेल!