आखूड दांड्याचा जाच

गोल्फमध्ये ड्रायव्हरचा फटका झाडीत गेला तर निदान धाडसाची सबब तरी सांगता येते. आठ-नऊ नंबरच्या आयर्नला तीही सोय नाही. दांडा आखूड, अंतर सव्वाशे यार्ड, झेंडा समोर स्वच्छ दिसणारा. आणि आमचा एक चेंडू ग्रीनच्या पलीकडे, तर दुसरा अलीकडच्या वाळूत.

वास्तविक चेंडू उडवण्याचे काम पात्याच्या तिरकेपणाचे. नऊ नंबरचे पाते चाळिसेक अंशांनी मागे झुकलेले असते. वरून खाली येत आधी चेंडू, मग माती घ्यायची, इतकेच. हाताला मात्र ते पटत नाही. तो चेंडू खालून उचलू पाहतो. मग पाते कधी मागची मातीच खणते, कधी चेंडूचा नुसता माथा खरवडते. बुद्धीला उमगलेले मनगटाला उमगायला किती वर्षे लागावीत? (आमची अकरा झाली.)

अमेरिकेतील ऑगस्टाचे बारावे होल जेमतेम १५५ यार्डांचे. २०१६ च्या मास्टर्समध्ये आघाडीवर असलेल्या जॉर्डन स्पीथने तिथे दोनदा चेंडू पाण्यात घालवला. २०२० मध्ये टायगर वुड्सला तिथेच दहा फटके लागले. हे आठवून आम्हांला हायसे वाटते, हे फारसे भूषणावह नाही. वुड्सने मात्र उरलेल्या सहापैकी पाच होलवर बर्डी साधली. तिथे आमची सोबत संपते.