आधी उतार, मग चढ

डोंगर म्हटला की आधी चढायचा आणि मग उतरायचा, हा नियम आपल्या अंगात इतका मुरलेला असतो की तो कुठे उलटाही असू शकेल असे मनात येत नाही. सिंहगडावर जा की राजगडावर जा, घाम आधी आणि ताक मागाहून! ऑस्ट्रेलियातील ब्लू माउंटन्स ह्या डोंगरांनी मात्र हा क्रम पार फिरवून टाकला आहे. सिडनीहून पश्चिमेकडे आगगाडीने दोन तास गेले की कटूंबा नावाचे गाव लागते. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे 1000 मीटर. स्टेशन, दुकाने, चहाची हॉटेले, सारे काही माथ्यावर. आणि रान, झरे, नद्या खाली दरीत. माणूस ताज्या दमाचा असतो तेव्हा उतार असतो, आणि पायांचे तुकडे पडायच्या वेळी चढ समोर उभा राहतो.

ह्या उलट्या डोंगरांनी गोऱ्या वसाहतवाल्यांनाही चांगलेच फसवले होते. 1788 साली सिडनीला वसाहत झाली. पुढची पंचवीस वर्षे ही मंडळी दऱ्यांतून वाट शोधायला जात आणि कड्याला डोके टेकून परत येत. अखेर 1813 साली तिघे जण डोंगराच्या धारेवरून गेले, तेव्हा पलीकडची कुरणे दिसली. दारुग आणि गुंडुंगुरा ही तिथली मूळची माणसे हजारो वर्षे त्याच डोंगरांतून ये-जा करीत होती, ही गोष्ट वेगळी!

मी काही हौसेने तिकडे गेलो नव्हतो. माझी थोरली बहीण, आमची अक्का, लग्न होऊन सिडनीला गेली ती तिथलीच झाली. 2016 साली भाऊजी गेले. मुलगा नोकरीनिमित्त पर्थला, म्हणजे म्हणायला त्याच देशात, पण विमानाने पाच तास दूर. पुण्यात आईचे एकच पालुपद, “तिला घेऊन ये.” म्हणून 2018 च्या मे महिन्यात, कॉलेजला सुट्टी लागताच, अक्काला परत आणण्याची कामगिरी अंगावर घेऊन मी निघालो. विमानात मुद्दे काढून ठेवले होते. व्याख्यात्याची खोड, दुसरे काय!

पहिल्याच रात्री मी विषय काढला. अक्का म्हणाली, “अरे, रविवारी बोलू. शनिवारी मला रानात जायचंय. तूही चल. बूट आणलेस का?”

अक्का आणि रान! पर्वती चढताना जी तीनदा बसायची, तिच्या दाराशी चिखलाने माखलेले बूट होते आणि टेबलावर एक कॅमेरा. भाऊजी गेल्यानंतर कधीतरी वाचनालयाच्या फलकावर तिने एका पदभ्रमण मंडळाची चिठ्ठी वाचली आणि घर खायला उठत होते म्हणून गेली. त्या देशात ह्या प्रकाराला ‘बुशवॉकिंग’ म्हणतात. त्याची मंडळे जुनी आहेत. सिडनीतले एक प्रसिद्ध मंडळ 1927 पासून चालत आले आहे.

शनिवारी स्टेशनवर अकरा जण जमले. एक निवृत्त शिक्षिका पुढारी होती. एक बसचालक, एक दंतवैद्य, दोन चिनी विद्यार्थी, आणि आम्ही भावंडे. निघण्यापूर्वी पुढारीणबाईंनी नियम सांगितले. सर्वांत पुढे त्या. सर्वांत मागे एक अनुभवी माणूस, त्याच्या मागे कुणी राहायचे नाही. वाट फुटेल तिथे मागचा दिसेपर्यंत पुढच्याने थांबायचे. कोण, कुठे, कधी परत येणार हे आधीच लिहून कळवायचे. संकटात उपग्रहामार्फत हाक पाठवणारे एक लहानसे यंत्रही बरोबर घ्यायचे. ते कटूंब्याच्या पोलीस चौकीत फुकट उसने मिळते. नेलेले सारे परत आणायचे, अगदी संत्र्याची साल सुद्धा. आमच्या पायथ्याच्या टपऱ्यांभोवतीची दृश्ये डोळ्यांपुढे येऊन मी मान खाली घातली.

मग उतार सुरू झाला. मे महिना म्हणजे तिकडे सरता शरद. निलगिरीची झाडे आपण उटीला पाहिलेली असतात, पण ब्लू माउंटन्सच्या परिसरात त्यांच्या नव्वदांहून अधिक जाती आहेत. त्यांच्या पानांतल्या तेलाचा अंश हवेत मिसळतो, त्यातून प्रकाश विखुरतो आणि लांबचे डोंगर निळे दिसतात. नाव आले ते त्यावरून. एका जातीच्या पांढऱ्या खोडावर मी चक्क मोडी लिपी पाहिली! खालीवर धावणारी, वळणे घेणारी, कुठेही लेखणी न उचललेली. एका पतंगाची अळी सालीखाली बोगदा खणत फिरते. साल गळून पडली की तिच्या प्रवासाचा आलेख उघडा होतो. “वाच की,” अक्का म्हणाली, “एम. ए. झालास ना?”

छायाचित्रणाचे धडेही मला तिच्याकडूनच मिळाले. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून फिरतो, म्हणून ऊन कुठल्या कड्यावर केव्हा येईल ह्याचा आपला अंदाज तिथे चालत नाही. निलगिरीची पाने टांगल्यासारखी उभी लोंबतात, त्यामुळे भर दुपारी त्या रानात ऊन-सावलीची नुसती ठिगळे पडतात. चित्र घ्यावे ते सकाळी, धुक्यात, नाहीतर पाऊस पडून गेल्यावर, ओल्या सालीचे रंग उजळतात तेव्हा. आणि लायरबर्ड नावाचा पक्षी दिसला तर कॅमेरा बाजूला ठेवून आधी ऐकावे. हा पक्षी इतर पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो. एकट्याने पंधरा मिनिटे साऱ्या रानाची मैफल वाजवून दाखवली त्याने!

दुपारी थालीपीठ आणि लसणाची चटणी मंडळात फिरली. ‘तिखट पॅनकेक’ हे तिथले तिचे रूढ नाव. खाताखाता पुढारीणबाईंनी ब्लू गम फॉरेस्टची हकिकत सांगितली. ग्रोस नदीच्या खोऱ्यात उंच, निळसर-पांढऱ्या खोडांचे एक रान आहे. 1931 च्या ईस्टरला काही पदयात्री तिथे मुक्कामाला होते. त्यांना कळले की जमिनीचा पट्टा असलेले गृहस्थ झाडे तोडून अक्रोड लावणार आहेत. जगभर मंदीचे दिवस होते. तरी ह्या पगारदार लोकांनी जमवाजमव करून 130 पौंड उभे केले आणि त्या 40 एकरांचा पट्टा सोडवून घेतला. पुढच्याच वर्षी रान राखीव झाले. शनिवार-रविवारच्या भटक्यांनी विकत घेतलेले रान! मी ऐकत राहिलो. भटकणे म्हणजे रिकामपणचा उद्योग, ही माझी समजूत तिथेच गळून पडली.

परतीचा चढ मला गिळायला उठला. अक्का मात्र संथ, न बोलता, एकेक पायरी चढत होती. माथ्यावर पोहोचलो तेव्हा पाच वाजून अंधार पडत होता.

रविवारी बोलणे झाले. मी मुद्दे मांडले. अक्काने कपाटातून एक पुस्तक काढले आणि टास्मानियातील एका नदीचे चित्र समोर ठेवले: धुके, काळे पाणी, मधोमध खडकाचे बेट. पीटर डोंब्रोव्हस्किस ह्याने ते 1979 साली फ्रँकलिन नदीवर घेतले. ह्या नदीवर धरण होणार होते. 1983 च्या निवडणुकीत हे चित्र वृत्तपत्रांत पानभर छापून मतदारांना विचारले गेले, हे बुडवणाऱ्याला मत देणार का? सरकार बदलले; जुलैमध्ये उच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला आणि धरण थांबले.

“आणि हा माणूस कुठला माहीत आहे?” अक्का म्हणाली. “लाटव्हियाच्या आईबापांचा. जर्मनीत, निर्वासितांच्या छावणीत जन्मलेला. त्याला वाट दाखवली त्रुखानासने, तो लिथुआनियाचा. 1967 च्या वणव्यात त्रुखानासचं घर, सगळी चित्रं जळून गेली. तो पुन्हा रानात गेला, पुन्हा चित्रं काढली. दोघेही बाहेरून आलेले. पण नदीच्या बाजूने उभं राहताना कुणी त्यांना विचारलं नाही, तुमचं गाव कुठलं.”

थोडे थांबून म्हणाली, “आईला सांग, मी दरवर्षी येईन. पण परत इथेच येईन. इथे मला शनिवार आहे.”

ह्यावर माझ्याजवळ मुद्दा नव्हता. मी एकटाच परत आलो.

2019 च्या उन्हाळ्यात तिकडचे वणवे आम्ही दूरदर्शनवर पाहिले. जागतिक वारशात गणल्या गेलेल्या त्या डोंगरांचा सुमारे 80 टक्के भाग जळला. ब्लू गमचे रानही होरपळले. वोलेमाय पाइन नावाचे झाड सर्वांना केवळ अश्मरूपानेच माहीत होते. 1994 साली एका वनअधिकाऱ्याला ते एका घळीत जिवंत सापडले. त्या झाडांची जागा आजही गुप्त ठेवली आहे. अग्निशामकांना हेलिकॉप्टरने उतरवून ती वाचवण्यात आली. मी फोन केला तेव्हा अक्का एवढेच म्हणाली, “धुराने घर भरलंय रे. रानाचं काही विचारू नकोस.”

2024 साली मी पुन्हा गेलो, ह्या वेळी कामगिरीशिवाय. भिंतीवर एका ओळीत चित्रे होती. एकच निलगिरी, एकाच जागेवरून टिपलेली. पहिल्यात कोळसा. दुसऱ्यात काळ्या खोडालाच, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत, तांबूस पालवीची लव. सालीखाली दडलेले डोळे आग गेल्यावर फुटतात. मग हिरवी झालर, मग फांद्या. अखेरच्या चित्रात पुरते झाड, काळे व्रण अंगावर घेऊन. बाजूची दोन मात्र फुटली नाहीत. तीही तिने चौकटीबाहेर ठेवली नव्हती.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा तिकडे वसंत असेल, आणि वाराटाची लालबुंद फुले डोंगरांवर आलेली असतील. आईचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे. अक्का दिवाळीला येते, फराळ करते, आणि भाऊबीज झाली की बूट पुसायला घेते. आई पूर्वी रडत असे. हल्ली ती तिच्या पिशवीत थालीपिठाच्या भाजणीचा डबा ठेवते आणि विचारते, “तुझ्या मंडळींना पुरेल ना गं?”