आवडता नेता कोण, आणि का?

मी राज्यशास्त्र शिकवतो आणि निवडणुकीच्या आगेमागे विद्यार्थ्यांना घेऊन मतदारांच्या मुलाखतींसाठी गावोगाव फिरतो. पैठण रस्त्यावरचं चितेगाव त्यातलं मला फार जवळचं. तालुका पैठण, पण तोंड छत्रपती संभाजीनगरच्या कारखानदारीकडे. जुनी शेतकरी घरं, दलित वस्ती, मुस्लिम कुटुंबं आणि कामासाठी बीड-जालन्याकडून येऊन इथेच भाड्याच्या खोल्यांत रुजलेली माणसं. मराठवाड्यात नेत्याबद्दलचा आदर कशावर उभा असतो, हे एकाच गावात पाहायचं तर याहून चांगली जागा मला माहीत नाही.

दिल्लीच्या सीएसडीएस या संस्थेने १९६७ मध्ये देशपातळीवर मतदारांचा पहिला मोठा अभ्यास केला. १९९६ पासून ही संस्था ते काम नियमितपणे करते; ‘लोकनीती’ हा त्यासाठीचा तिचा उपक्रम. पंतप्रधान म्हणून कोण हवं, हे विचारताना त्यात नावं वाचून दाखवत नाहीत. उत्तर देणाऱ्याच्या तोंडून जे येईल ते लिहितात. पद्धत उत्तम आहे. मात्र नाव मिळालं की प्रश्नावली पुढे सरकते. आम्ही चितेगावात तिथेच थांबतो आणि ‘का?’ विचारतो. हा दुसरा प्रश्न विचारल्याशिवाय पहिल्या उत्तराला काही अर्थ नाही, असं माझं ठाम मत आहे.

शंकरराव चव्हाणांचंच पाहा. जन्म पैठणचा, १९२०चा. शिस्तीमुळे त्यांना ‘हेडमास्तर’ म्हणत. जायकवाडी धरणाची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींनी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी त्याचं उद्घाटन केलं, तेव्हा शंकरराव मुख्यमंत्री होते. डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२. कालव्याखाली जमीन असलेल्या पाव्हण्यारावळ्यांकडून हे नाव ऐकावं ते गहिवरूनच. आता धरणात गेलेल्या गावांकडे या. पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासा तालुक्यांतली गावं धरणाच्या जलाशयाने, नाथसागराने, गिळली. त्या घरातून दिलेल्या लेकीला किंवा तिथून उठून आलेल्या म्हाताऱ्याला तेच नाव विचारा. शिव्या कुणी देत नाही, पण बोलणं थांबतं, मग मोबदल्याचे आकडे येतात, गाळाच्या जमिनीची प्रत येते. नाव एक, धरण एक. ‘का’ मात्र दोन, आणि दोन्ही खरे.

सत्तरी ओलांडलेल्या बायका आजही तेव्हाचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांचं नाव घेतात. विचारलं की १९७२चा दुष्काळ निघतो. खडी फोडलेले हात, लाल मिलो, मुलांना मिळणारी सुकडी. मे १९७३ मध्ये राज्यभर दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख मजूर होते. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. रोजगार हमी योजनेचा खर्च भागवायला शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला गेला. या योजनेमागचं डोकं वि. स. पागे यांचं, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती. त्यांचं नाव मी चितेगावात कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही, आणि याची मला मनापासून हळहळ वाटते. लोकांची आठवण शरीराने भोगलेल्या गोष्टीला चिकटते. कागदावर कायदा घडवणारा त्या आठवणीत शिरत नाही. ‘लाडकी बहीण’ योजनेच्या दीड हजारांबद्दल तरुण बायका बोलतात तेव्हा हेच पुन्हा दिसतं. जुलै २०२४ पासूनचे पैसे स्वतःच्या खात्यात आले, कुणापुढे हात पसरावा लागला नाही, हे त्या आधी सांगतात. नेत्याचं नाव मागाहून येतं.

बीडकडच्या कामगारांत गोपीनाथ मुंडे हे नाव निघालं की आवाज बदलतो. ऊसतोडीच्या कोयत्यावर मोठी झालेली ही पोरं. मजुरीची दरवाढ कारखानदारांसमोर बसून कुणी भांडून घेतली, हे त्यांच्या आईबापांनी त्यांना सांगितलेलं असतं. शहराच्या बाजूला वाढलेल्यांत बाळासाहेब ठाकरे येतात. त्यांनी एकही निवडणूक लढवली नाही, कोणतंही सरकारी पद घेतलं नाही. पण १९८८ मध्ये औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) महापालिकेची पहिली निवडणूक झाली, तेव्हा घराणं नसलेल्या, खिसा रिकामा असलेल्या पोरांना शिवसेनेची तिकिटं मिळाली, ही गोष्ट इथे अजून अभिमानाने सांगतात. शेजारच्याच मुस्लिम घरात त्या काळाची आठवण भीतीची आहे. तिथले जुने लोक रफिक झकेरियांचं नाव काढतात, कारण त्यांनी सुरू केलेल्या कॉलेजात घरातलं पहिलं माणूस पदवीधर झालेलं असतं.

दलित वस्तीत प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर येतं. बाबासाहेब आंबेडकर १९५२ मध्ये मुंबईतून आणि १९५४ मध्ये भंडाऱ्यातून लोकसभेच्या निवडणुकीत पडले. मतपेटीने नाकारलेला हा माणूस आज त्या प्रत्येक घराच्या भिंतीवर आहे, आणि तिथला ‘का’ सर्वांत नेमका आहे. संविधान, शिक्षण, १९५०चं मिलिंद कॉलेज, मग मराठवाडा विद्यापीठाला दिलेलं त्यांचं नाव. नामांतराचा ठराव विधिमंडळाने १९७८ मध्ये केला, त्यावरून मराठवाड्यात घरं जळली, आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. शरद पवार दोन्ही वेळा मुख्यमंत्री होते, म्हणून त्यांच्याबद्दलही या वस्तीत एक हिशेब आहे, जमा आणि नावे दोन्ही रकाने भरलेला.

या सगळ्याला वर्तमानपत्रं ‘व्यक्तिपूजा’ म्हणून मोकळी होतात, याचा मला राग येतो. राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा बाबासाहेबांनी संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी दिला. तो मी वर्गात दरवर्षी शिकवतो. पण भक्ती ओळखायची कशी? माझी खूण एवढीच: ‘का’ विचारल्यावर माणूस कारण सांगतो की चिडतो. खडी फोडलेली आजी कारण सांगते. चिडणारे मला भेटतात ते बहुधा विशी-पंचविशीतले, ज्यांनी नेत्याला वाढदिवसाच्या फलकावर आणि मोबाइलच्या पडद्यावरच पाहिलं आहे. त्यांचा दोष मी मानत नाही. त्यांच्या आयुष्यात धरण झालेलं नाही, हमीचं काम आलेलं नाही. कारण बनावं असं कुणी काही त्यांच्यासाठी केलेलंच नाही.

आणि चितेगावातलं आणखी एक उत्तर. व्हिडिओकॉनचा कारखाना याच गावच्या हद्दीत. टीव्ही इथे बनायचे, त्यावर खोल्या उठल्या, खानावळी चालल्या, लग्नं जमली. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्या कामावर संसार उभा केलेल्यांना आवडता नेता विचारला की अनेकदा उत्तर येतं, ‘कुणीच नाही.’ माहिती भरताना हे उत्तर ‘सांगता येत नाही’च्या रकान्यात ढकलायची सर्रास पद्धत आहे. माझ्या विद्यार्थ्यांना मी तसं करू देत नाही. त्यासाठी आमच्या फॉर्मवर वेगळा रकाना आहे आणि खाली ‘का’ची जागा सर्वांत मोठी ठेवली आहे. ती भरते. कारखान्याच्या उद्घाटनाला कोण आलं होतं, बंद पडताना कोण फिरकलं नाही, निवेदन कुणी घेतलं आणि पुढे त्याचं काय झालं, हे लोक नावानिशी सांगतात, आणि पोरं कागद उलटवून पाठीमागे लिहीत राहतात.