मंचापर्यंतची वाट

चि. भाचीस मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले, मजकूर कळला. चाहत्यांचे संमेलन, म्हणजे विज्ञानकथा, चित्रकथा किंवा चित्रपटमालिका यांच्या ओढीने एकत्र येणाऱ्यांचा दोन-चार दिवसांचा मेळा, अपंग व्यक्तींसाठी सुगम करायचा तर आरंभ कोठून करावा, हा पत्रातला प्रश्न मोलाचा आहे. आणि त्याचे उत्तर स्वयंसेवकांच्या चांगुलपणापेक्षा सभागृहाच्या नकाशात अधिक सापडते, हे अमेरिकेतील अनुभवावरून दिसते.

विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे १९७७ साली सुरू झालेल्या ‘विस्कॉन’ या स्त्रीवादी विज्ञानकथा-संमेलनात जमिनीवर निळी चिकटपट्टी लावून येण्याजाण्याच्या वाटा आखल्या जात, आणि त्या वाटेत गप्पा मारत उभे राहू नये असा संकेत असे. खुर्च्यांच्या रांगांतही जागा मोकळी सोडून तिचा चौकोन व्हीलचेअरसाठी त्याच पट्टीने राखला जाई, त्यामुळे चाकाच्या खुर्चीवरील श्रोत्याला मागे एकटे न पडता मित्रमंडळींच्या शेजारी बसता येई. पट्टीला खर्च किरकोळ येतो, पण ती जागा कोणाकडे मागावी लागत नाही, हे त्या व्यक्तीच्या मनाला केवढे हलके करणारे आहे! सॅन दिएगोच्या ‘कॉमिक-कॉन’ या अवाढव्य चित्रकथा-संमेलनात सांकेतिक भाषेचे दुभाषे, म्हणजे भाषण हातांच्या खुणांतून कर्णबधिरांपर्यंत पोचवणारे जाणकार, उपलब्ध असतात.

घोडे अडते ते मंचापाशी. अपंग व्यक्ती श्रोता म्हणून येईल हे आयोजकांच्या ध्यानी येते, वक्ता म्हणून येईल हे मात्र येत नाही, आणि ही चूक सर्वांत जिव्हारी लागणारी आहे. अमेरिकी नियमांत रॅम्पचा, म्हणजे पायऱ्यांऐवजी केलेल्या उतरत्या वाटेचा, चढ जास्तीत जास्त १:१२ धरला आहे. त्या हिशेबाने ६० सेंटिमीटर उंचीच्या मंचाला ७.२ मीटर लांब रॅम्प लागतो, आणि एवढी जागा खुर्च्या मांडून झाल्यावर ऐनवेळी निघत नाही. लेखिका मेरी रॉबिनेट कोवाल यांनी २०१६ साली पुढाकार घेऊन लेखकांची प्रतिज्ञा पुढे आणली, ती सुगमतेची हमी न देणाऱ्या संमेलनांत सहभागी न होण्याची; ज्यांना पायऱ्या चढता येतात त्यांनी असा नकार देणे फार महत्त्वाचे आहे, कारण तक्रारीचे ओझे एरवी अडवल्या गेलेल्या व्यक्तीवरच पडते.

तेव्हा सभागृहाचा करार होण्याआधी मंचाची उंची मोजून घ्यावी आणि नकाशा पाठवावा. रॅम्पची जागा आखून नकाशा उलट टपाली परत येईल.

मामाचे आशीर्वाद