हजार वर्षांचा करार

बॉस्टन शहरात हार्वर्ड विद्यापीठाची ‘अर्नोल्ड अर्बोरेटम’ ही वृक्षबाग आहे. १८७२ साली स्थापन झालेली ही २८१ एकरांची बाग म्हणजे झाडांची प्रयोगशाळाच. पण तिला तिकीट नाही. १८८२ साली शहर आणि विद्यापीठ यांनी करार केला. जमीन शहराची, झाडं आणि संशोधन विद्यापीठाकडे, भाडं वर्षाला एक डॉलर, मुदत हजार वर्षं. लोकांसाठी बाग कायम खुली.

गेल्या ऑक्टोबरात लेक-जावई आणि नातवंडांबरोबर आम्ही दोघं तिथे गेलो. मेपल लालभडक झाले होते. दिवस लहान होऊ लागले की पानांतलं हरितद्रव्य ओसरतं आणि मुळातच आत असलेला पिवळा रंग उघडा पडतो. लाल रंग मात्र पुष्कळ झाडं त्याच दिवसांत नव्याने घडवतात. गळायला निघालेलं पान अजून काही घडवतंय, हे ऐकून नात चालायचीच थांबली.

पुढच्या वळणावर हिने विचारलं, “अहो, इथे गुऱ्हाळ लागलंय की काय?” वास खरोखरच काकवीचा होता. तो येत होता कात्सुरा नावाच्या जपानी झाडाच्या पिवळ्या पानांना. वाळताना त्या पानांतून माल्टॉल सुटतं. साखर तापवली की तयार होतं तेच हे द्रव्य. नातवाने खाली पडलेलं पान नाकाशी धरलं ते बराच वेळ सोडलं नाही.

इथे लावलेल्या झाडांना क्रमांक आहेत, आणि त्या क्रमांकाशी झाड कुठून, केव्हा आलं याची नोंद जोडलेली आहे. त्यांतलं डॉन रेडवुड हे झाड शास्त्रज्ञांना आधी ठाऊक झालं ते जीवाश्मांतून. १९४०च्या दशकात ते चीनमध्ये जिवंत सापडलं आणि १९४८च्या जानेवारीत त्याचं बी इथे पोहोचलं. ते इथेच अडकून राहिलं नाही. इतर संस्थांनाही वाटलं गेलं. इथल्या जुन्या नोंदी आजच्या फुलोऱ्याशी ताडून अभ्यासकांनी दाखवलं, की शंभर वर्षांपूर्वीपेक्षा झाडं आता लवकर फुलतात. एका माणसाच्या आयुष्यात हे कळलं नसतं. आधीच्यांनी नेमाने लिहून ठेवलं, म्हणून पुढच्यांना ते वाचता आलं.

विद्यापीठाचं ज्ञान समाजाच्या आधारावर वाढतं, तेव्हा ते समाजाला पाहता, हुंगता, विचारता आलं पाहिजे. जिथे संशोधन चालतं तिथेच पोरं बागडतात आणि त्यांना कुणी हटकत नाही, हे मला त्या बागेचं सर्वांत मोठं वैभव वाटलं.

त्यासाठी बॉस्टनला जायची गरज नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात सह्याद्रीतली दुर्मीळ कंदीलपुष्पं अभ्यासासाठी जपली आहेत. तुमच्या जवळच्या विद्यापीठातही अशी बाग असेल. मुलांना घेऊन जा, झाडांवरच्या पाट्या वाचा, तिथल्या माणसांना प्रश्न विचारा. बाग बंद असेल, तर ती उघडण्याचा आग्रह धरा.