मनीमाऊच्या नजरेनं रोपवाटिका

पुण्याला आलात की एम्प्रेस गार्डन चुकवू नका, मित्रांनो! रेसकोर्सच्या शेजारची ही जुनी बाग. पूर्वी हिला ‘सोल्जर्स गार्डन’ म्हणत; पुढे व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली आणि तिच्यावरून आजचं नाव पडलं. उंचच उंच वृक्ष, दोरखंडासारखे जाडजूड वेल, जानेवारीत भरणारं फुलांचं प्रदर्शन... ते सगळं तुम्ही निवांत बघालच. आज आपण जायचंय तिथल्या रोपवाटिकेत. आणि तेही जमिनीपासून वीतभर उंचीवरून, म्हणजे मांजराच्या नजरेनं!

रोपवाटिकेत झाडाचं नाव कळतं, किंमत कळते. ‘चावू नये’ अशी पाटी मात्र नसते.

ही ठिपकेदार, मोठ्या पानांची डिफेनबेकिया. शेजारी आपल्या गॅलरीतला मनीप्लँट. (नावात ‘मनी’ असली तरी मनीमाऊच्या मुळीच कामाचा नाही!) दोघंही अळूच्या कुळातली. अळू चिरताना आईचे हात का खाजतात, ठाऊक आहे? त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे टोकदार स्फटिक असतात. आपण अळू शिजवतो, चिंच घालतो, मग फतफतं भुरकतो. कुत्र्याचं पिल्लू बिचारं पान कच्चंच चावतं! मग तोंडाची आग, लाळेची धार, ओकारी. सहसा जिवावर बेतत नाही, पण हाल फार होतात.

पलीकडचा सायकस मात्र खरा घातकी. दिसतो बुटक्या ताडासारखा, म्हणून लोक हौसेनं दारात ठेवतात. त्याचा प्रत्येक भाग विषारी, बी तर सर्वांत जास्त. कुत्र्यानं खाल्लं तर यकृत निकामी होऊ शकतं.

आणि लिली! पुष्पगुच्छात असते ना, ती मोठ्या फुलांची. तिच्यामुळे मांजराची मूत्रपिंडं दोन-तीन दिवसांत बंद पडू शकतात. फूल खायलाच हवं असंही नाही; अंगावर सांडलेले परागकण चाटले, फुलदाणीतलं पाणी प्यायलं, तरी धोका. (‘पीस लिली’ मात्र लिली नव्हेच, तीही अळूचीच बहीण!) मांजरानं लिलीला तोंड लावलं असं वाटलं, तर ते ओकेपर्यंत वाट बघू नका. पान-फूल पिशवीत घाला आणि तडक जनावरांच्या डॉक्टरांकडे चला. घरी मीठपाणी पाजून ओकारी काढायचा उद्योग अजिबात नको.

मग घरी न्यायचं काय? तो बघा अरेका पाम, तो स्पायडर प्लँट. स्पायडर प्लँटच्या लोंबत्या पानांचं तर मांजरांना भारी वेड! कुरतडलीच, तर फार फार तर थोडी उलटी करेल. तीसुद्धा नेमकी धुतलेल्या चादरीवर.